काकूच्या वड्यांची पट्टी

दादाचं लग्न ठरलं तेव्हा आईने माझ्यासमोर दोन कामं ठेवली आणि म्हणाली, एक निवड. पहिलं म्हणजे तिच्याबरोबर आमंत्रणं करत फिरायचं. आमच्याकडे पत्रिका ग्रुपवर टाकून भागत नाही. प्रत्येकाच्या घरी जायचं, अक्षता द्यायच्या, सोफ्याच्या कडेला बसायचं, नको म्हणत म्हणत अर्धा कप चहा प्यायचा आणि "आता हिचा नंबर ना?" या प्रश्नाला हसायचं. हे दिंडोशीपासून मुलुंडपर्यंत आणि घाटकोपरपासून बोरिवलीपर्यंत, जिथे जिथे आमच्या गावची माणसं राहायला गेली तिथे तिथे. दुसरं काम होतं लग्नाची सगळी तयारी नीट मांडून द्यायची, कारण बाबांच्या डोक्यात काही राहत नाही आणि आईच्या डोक्यातून काही जात नाही.

मी दुसरं काम इतक्या झटकन उचललं की आईला संशय आला. पण माझ्या ऑफिसात असलंच काहीतरी करतात एवढं तिला माहीत होतं, म्हणून तिने जाऊ दिलं.

मी अंधेरीला एका कंपनीत आहे. आम्ही दुसऱ्या कंपन्यांची ऑफिसं आतून सजवून देतो. म्हणजे सुतार, इलेक्ट्रिशियन, रंगारी सजवतात, आणि मी त्यांचा बार चार्ट सांभाळते. ज्यांनी हा प्रकार पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. डावीकडे कामांची नावं एकाखाली एक. वर तारखा. प्रत्येक कामासमोर एक आडवी रंगीत पट्टी. पट्टी जिथे सुरू होते त्या तारखेला काम सुरू करायचं, जिथे संपते तिथे संपवायचं. काम जितके दिवस चालणार तितकी पट्टी लांब. बस, एवढंच. मला हा प्रकार फार आवडतो, कारण त्यात बोलावं लागत नाही. सुताराला "का रे उशीर झाला" असं विचारायची माझी हिंमत नाही. मी फक्त त्याची पट्टी लाल करते आणि मेल पाठवते. मग तो मला फोन करून सांगतो की काम नव्वद टक्के झालंय. आमच्या साइटवर सगळीच कामं नव्वद टक्क्यांपर्यंत भराभर जातात आणि मग तिथेच संसार थाटतात. पण निदान चार्ट दिसायला सुंदर असतो.

तसाच सुंदर चार्ट मी लग्नाचा केला. दोन रविवार घालवले. माझं मराठी लिहिणं शाळेत तिसऱ्या भाषेपुरतंच झालेलं, त्यामुळे 'मुहूर्तमेढ' टाइप करतानाच माझा एक तास गेला. प्रत्येक कामासमोर ते करणाऱ्याचं नाव घातलं. हॉल, केटरर आणि टेम्पो बाबांकडे. आमंत्रणं आईकडे. घाटकोपरची मावशी मानाच्या साड्या आणि आहेराची ताटं सजवणार होती. ती हौशी आहे, सेलोफेन आणि मोती घेऊन बसली की उठत नाही, म्हणून तिला तीन आठवडे दिले. मुलुंडची काकू हळदीच्या रात्रीचे वडे करणार होती. वडे काय, त्या संध्याकाळीच व्हायचे. म्हणून तिला एक दिवस दिला.

मोठ्या कागदावर छापून तो मी फ्रिजच्या दारावर लावला आणि फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. बाबा महापालिकेत हेडक्लार्क होते. त्यांनी चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचला, खिशातून पेन काढलं, खालच्या कोपऱ्यात 'पाहिले' असं लिहून सही केली आणि पुन्हा त्याच्याकडे बघितलं नाही.

पहिली तक्रार दादाची. त्याच्या नावापुढे 'केस कापणे' एवढंच होतं आणि पट्टी अर्ध्या दिवसाची. तो म्हणाला, यार, लग्न माझं आणि सगळ्यात छोटी पट्टी माझी? मी हसले. तो मस्करी करतोय असं मला वाटलं. तिथेच मला कळायला हवं होतं.

मावशी मात्र भलतीच खूश झाली. तिने चार्ट मोठा करून, फक्त आपली ओळ दिसेल असा कापून आपल्या स्टेटसला ठेवला. तीन आठवड्यांची सोनेरी पट्टी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. सोनेरी रंग मी मुद्दाम दिला नव्हता, कॉम्प्युटरने आपल्या मनाने दिला होता. काकूला त्याने करडा दिला.

दोन दिवसांनी काकांचा बाबांना फोन आला. काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, गरीब माणूस, काकूने सांगितलेलं वाचून दाखवावं तसं बोलतात. म्हणाले, हिची तब्येत जरा नरम आहे, वडे केटररलाच सांगा. आम्ही लग्नाला येऊच. पाहुण्यांसारखे येऊ, बसू, अक्षता टाकू, निघू.

बाबांनी फोन ठेवला आणि स्टुलावर बसले. आईने गॅस बंद केला.

हे किती मोठं संकट होतं ते बाहेरच्या माणसाला कळणार नाही. एक तर वडे. आमच्याकडे हळदीच्या रात्री वडे-सागोती, म्हणजे वडे आणि मटण, असते आणि काकूचे वडे फुगतात कसे हे पाहायला माणसं कढईभोवती उभी राहतात. केटररचे वडे पुरीसारखे लागतात आणि लोक ते अख्ख्या गावाला सांगत फिरतात. पण वड्यांपेक्षा भयंकर तो 'पाहुण्यांसारखे' शब्द. आमच्या घरात भांडण, शिव्या, अबोला हे सगळं चालतं. आई आणि काकू लग्न होऊन आल्या तेव्हा एकाच खोलीत, एकाच स्टोव्हवर संसार केलाय त्यांनी, आणि त्या स्टोव्हवर कोणी आधी चहा ठेवायचा यावरून रोज भांडल्यात. पण सख्खी जाऊ घरच्या लग्नात पदर न खोचता खुर्चीवर बसली, तर मग ते घर एक राहिलं नाही असं समजायचं. बाबांचा भाऊ एकच. दोन दिवस बाबा जेवताना आमटी वाढून घ्यायला विसरत होते.

कारण काय ते आईने मावशीकडून काढलं. मावशीला ते कुठून कळलं ते मला माहीत नाही, पण मावशीला कळतं. काकूने चार्ट बघितला होता. वरपासून खालपर्यंत मापला होता. थोरली जाऊ ती, आणि तिची पट्टी नखाएवढी. त्यात नवऱ्यामुलाच्या मावशीची, म्हणजे आईच्या माहेरच्या माणसाची, अर्धा फ्रिज व्यापणारी. तीही सोनेरी.

मी आईला समजावलं की पट्टीचा आणि मानाचा काही संबंध नाही. आई म्हणाली ते तिला कळतं, पण मला ते कागदावर लिहायला काय झालं होतं. मग म्हणाली, "लांब कर."

"आई, वडे एका संध्याकाळी होतात गं."

"मग? होऊ देत ना. पट्टी लांब कर."

मी आधी इमानदारीने केली. वड्यांचं पीठ धरलं. तांदूळ धुवायचे, सुकवायचे, धणे-मेथी-डाळी भाजायच्या, गिरणीतून जाडसर दळून आणायचं. हे धरून पट्टी चार दिवसांची झाली. आईने बोटांनी मापली आणि मावशीच्या पट्टीवर ठेवून पाहिली. पुरेना. शेवटी मी डोळे मिटून माउस ओढला. आता काकूचे वडे पत्रिका छापायच्या आधी सुरू होत होते आणि हळदीला संपत होते. रंग लाल-केशरी. नवीन चार्ट ग्रुपवर गेला. बाबांनी त्यावरही 'पाहिले' लिहून सही केली.

मावशीने ग्रुपवर निरागसपणे विचारलं की वडे एवढे दिवस आधी करून ठेवले तर वास नाही का येणार.

काकूने उत्तरादाखल हात जोडलेलं चित्र टाकलं. फक्त ते. आमच्या घरात हात जोडलेलं चित्र म्हणजे दार लावून घेतलं असं समजावं.

आई माझ्याकडे वळली. तिला काही बोलावंच लागलं नाही. जे केलं ते मी केलं होतं, निस्तरायचंही मीच.

तर अशा रीतीने, जे टाळण्यासाठी मी हा उपद्व्याप केला होता, तेच माझ्या नशिबी आलं. त्या रविवारी मी दोन बस बदलून मुलुंडला गेले आणि काकूच्या सोफ्याच्या कडेला अर्धा कप चहा घेऊन बसले. आरेतून बस जात होती तेव्हा मी मनात वाक्यं रचत होते. तीन वाक्यं. खिडकीबाहेर एक म्हैस रस्त्याच्या मधोमध उभी होती आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. ती बाजूला झाली तोपर्यंत मी ती तिन्ही वाक्यं इंग्रजीत रचली होती हे माझ्या लक्षात आलं. ती मराठीत आणेपर्यंत मुलुंड आलं.

काका टीव्हीपुढे होते. मला पाहून त्यांनी आवाज कमी केला आणि मग, विचार करून, परत वाढवला. काकू समोर बसली. तब्येत अजिबात नरम नव्हती. तिने माझी, ऑफिसची, आईच्या गुडघ्याची अशी सगळी चौकशी केली, जशी शेजारणीच्या मुलीची करतात तशी. "घे ना बिस्किट" म्हणाली. काकू मला आयुष्यात कधी "घे ना" म्हणाली नव्हती. ती ताटात टाकते आणि आपण खायचं असतं. 

मग तिने फोन काढला, हात लांब करून धरला आणि पहिला चार्ट उघडला. म्हणजे तिने तो जपून ठेवला होता. एका ओळीवर बोट ठेवलं.

"ही माजी?"

मी मान हलवली.

"नखाएवढी." मग दुसरा चार्ट. "आनी मी रडलंय म्हणान ही लांब केलंस?"

आरेतली तिन्ही वाक्यं गेली. मी म्हणाले, "काकू, पट्टी म्हणजे मान नाही. वेळ आहे. ज्याला काम करायला जास्त वेळ लागतो, त्याची लांब."

काकूने फोन आणखी लांब धरला. मी तिचा चेहरा बघत होते. मी नेहमी चेहरेच बघते, बोलण्यापेक्षा ते सोपं असतं. आधी कपाळ गोळा झालं. मग हळूहळू, डाव्या गालापासून, काहीतरी पसरायला लागलं.

"म्हंजे तुज्या मावशेक साड्यो गुंडाळूक तीन आठवडे व्हये?"

मी म्हटलं, हो.

"आनी माका सगळ्या गावाचे वडे करूक एक सांज."

मी म्हटलं, हो.

काकू उठली. माझ्या हातातला अर्धा कप काढून घेतला, आत गेली आणि पूर्ण भरलेला कप घेऊन आली. त्याबरोबर ताटलीत चकल्या होत्या. "घे ना" नाही म्हणाली. काकांना तिने टीव्ही बंद करायला लावून सगळं पहिल्यापासून समजावून सांगितलं, बोटाने हवेत पट्ट्या काढून. काकांनी पट्टी कळल्यासारखी मान डोलावली आणि विचारलं की त्यांची कुठली. त्यांची नव्हती. काकू म्हणाली बरोबरच आहे.

निघताना तिने जिन्यापर्यंत येऊन मला बजावलं. "ती परत नखाएवढी कर. आनी जमला तर अजून बारीक."

बसमध्ये मला इतकं हलकं वाटत होतं की मी शेजारच्या बाईला आपणहून खिडकी दिली. घरी पोचले तेव्हा कळलं की मी पवई ओलांडायच्या आत काकूने ग्रुपवर आवाज रेकॉर्ड करून टाकला होता. त्यात तिने सर्वांना, अतिशय प्रेमाने, चार्ट कसा वाचायचा ते शिकवलं होतं. कोणाचंही नाव न घेता ती म्हणाली होती की काही माणसांना साडी कागदात गुंडाळायला तीन आठवडे लागतात, त्यांना आपण सांभाळून घ्यायला हवं.

मावशीचं स्टेटस मिनिटभरात गेलं. मग तिचा मला फोन आला. मला फोन आवडत नाहीत, पण हा छोटा होता. "माझी दोन दिवसांची कर." मी म्हटलं, मावशी, एवढ्या ताटांना दोन दिवस कसे पुरतील. ती म्हणाली की मी तिला काय समजते. रात्री परत फोन. एक दिवसाची कर.

मग साथ पसरली. हॉल-टेम्पोला कशाला दोन आठवडे, एका फोनचं काम आहे, असं बाबा म्हणाले आणि चार्टवरची आपली पट्टी पेनाने खोडून तिथेही सही केली. आईने आमंत्रणं आधी चार दिवसांवर आणली, मग एकावर. केस कापायला अर्धा दिवस लागतो हे सासरी कळलं तर काय इज्जत राहील, असं म्हणत दादाने आपली पट्टी टाचणीच्या टोकाएवढी करून घेतली. आणि पट्टी छोटी झाली की ती ठेवायची कुठे, तर प्रत्येकाला शेवटी हवी. दोन महिने आधी कोण करतं, आपण असं चुटकीसरशी करू. मी सांगायचा प्रयत्न केला की सगळ्या पट्ट्या एकाच दिवशी आल्या तर घरात उभं राहायला जागा उरणार नाही. पण मी ते हळू आवाजात सांगितलं, आणि मिक्सर चालू होता.

शेवटचा चार्ट मी छापला तो असा होता: डावीकडे सगळं पांढरं, मोकळं मैदान, आणि उजव्या टोकाला हळदीच्या शनिवारी रंगीत विटांची एक उभी भिंत. माझ्या बॉसने तो पाहिला असता तर तो टेबलाखाली जाऊन झोपला असता. आमच्या घरात सगळे खूश होते. इतक्या कमी वेळात लग्न करणारं घर दिंडोशीत दुसरं नव्हतं.

आणि मग तो शनिवार आला. सकाळी मावशी घाटकोपरहून रिक्षात साड्या आणि सेलोफेनचे रोल भरून आली आणि घरातल्या हॉलची जमीन दिसेनाशी झाली. तिच्या टेपचा चर्र आवाज दुपारपर्यंत थांबला नाही. बाबा टेम्पोवाल्याला फोन करत होते आणि तो 'खालीच आहे' म्हणत होता. खाली खरंच एक टेम्पो होता, पण तो दुसऱ्याच विंगमधल्या बाईच्या कपाटाचा. उरलेली आमंत्रणं द्यायला गेलेली आई जिन्यात ज्यांना भेटेल त्यांना अक्षता देत परत आली. दादाचा न्हावी शनिवारची गर्दी सोडून आला तेव्हा गुरुजी हजर झाले होते. पॅसेजमध्ये खुर्ची टाकून दादाच्या उजव्या बाजूचे केस कापून झाले आणि मुहूर्त आला. अर्ध्या डोक्याने हळद लागली. फोटोग्राफरने सगळे फोटो उजवीकडून काढले.

हळद लागल्यावर उरलेलं अर्धं डोकं कापायचं की नाही यावरून वाद झाला. आई म्हणाली हळद लागलेल्या नवरदेवाला कात्री लावत नाहीत. काकू म्हणाली लावतात, तिच्या भावाला लावली होती. आई म्हणाली म्हणूनच तुझ्या भावाचं तसं झालं. काकूने पदर खोचला आणि तिथून पुढे त्या दोघी इतक्या जोरात भांडल्या की न्हावी कात्री घेऊन जिन्यात जाऊन उभा राहिला. बाबा दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी त्यांच्या निवृत्तीच्या समारंभातसुद्धा पाहिलं नव्हतं. आत जाऊन त्यांनी वाटीभर आमटी मागून घेतली. आमटी नव्हती, त्या दिवशी कोणी केलीच नव्हती, पण त्यांनी मागितली.

वडे बिल्डिंगच्या मागे, पाण्याच्या टाकीजवळ चालले होते. मोठी कढई, भट्टी, पिठाचा डोंगर, त्यात पीठ फुलावं म्हणून करवंटीत ठेवलेल्या निखाऱ्याचा वास. चार-पाच बायका थापत होत्या आणि काकू तळत होती. वडा तेलात पडायचा, क्षणभर रुसल्यासारखा तळाशी बसायचा आणि मग टम्म फुगून वर यायचा. मी माझ्या सवयीप्रमाणे थोडी लांब, टाकीच्या सावलीत, पुढचं कोण काय करणार ते मोबाइलवर बघत उभी होते. काही उपयोग नव्हता, पण हातात काहीतरी होतं.

काकूने झारा माझ्याकडे रोखला. "तुजी पट्टी खंय?"

मी म्हटलं, मी चार्ट करते काकू, मला पट्टी नसते.

"हडे बस."

तिने मला आपल्या शेजारच्या पाटावर बसवलं, हातात पिठाचा गोळा दिला आणि समोर तेल लावलेला प्लास्टिकचा कागद सरकवला. माझा पहिला वडा महाराष्ट्राच्या नकाशासारखा झाला. काकूने तो उलटसुलट करून पाहिला आणि तळला. फुगला नाही. तो तिने काकांना दिला.

आणि मग जे मी दोन महिने टाळत होते ते सगळं चालत माझ्याकडे आलं. बोरिवलीचे, घाटकोपरचे, गावचे, सगळे ताट घेऊन कढईपाशी येत होते आणि कढईशेजारी मी होते, हात कोपरापर्यंत पिठात, पळायला जागा नाही. ओळखलंस का मला? केवढीशी होतीस. ऑफिस कुठे? पगार बरा आहे का? आता पुढचा नंबर तुझाच ना? एक बाई तर माझ्यासमोर उकिडवी बसली, वडा तोंडात, आणि म्हणाली की तिच्या पाहण्यात एक मुलगा आहे, इंजिनीअर, आई-वडील कांदिवलीला. माझे कान तापले. मी हसले; ते हसू मला स्वतःलाच ओळखू आलं नाही. थापता थापता वड्याच्या मधोमध बोट आरपार गेलं.

काकूने झारा कढईच्या काठावर आपटला. तिने त्या बाईकडे पाहिलं नाही, तेलाकडेच बघत होती.

"तिका बोलूक लावू नकात. वडो बिघडतलो."

बाई उठली. तिने मागच्यांनाही खूण केली. रांगेतली माणसं गप्प झाली आणि ताटं पुढे करून, पाय न वाजवता, एकेक करून सरकू लागली. त्या वड्याचं भोक काकूने अंगठ्याने बुजवून दिलं. मी मान खाली घालून पुढचा थापायला घेतला.